एका अक्षरात किती मावते?

शाळेत असताना मोठ्यांना कळू नये म्हणून आम्ही च-ची भाषा बोलायचो. नियम साधा होता. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला च जोडायचा. ‘तू कुठे चाललास?’ याचे ‘चतू चठेकु चललासचा?’ व्हायचे. सरावलेली मुले इतक्या झपाट्याने बोलायची, की आई स्वयंपाकघरातून नुसती डोळे वटारायची.

आज त्या खेळाकडे पाहिले की दोन गोष्टी जाणवतात. ‘कुठे’मधला कु अख्खा हलतो, क् एकीकडे आणि उ दुसरीकडे, असे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ‘प्रश्न’चे ‘चश्नप्र’ होते, पण प्र फुटत नाही. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. ‘घर’ म्हणताना आपण एकच ठोका देतो, र ला स्वर नसतोच. च-च्या भाषेत मात्र त्याचे ‘चरघ’ होते आणि र ला त्याचा अ परत मिळतो. कानाला एक ठोका ऐकू येतो, खेळ दोन अक्षरे मोजतो. थोडक्यात, आम्ही बोलीच्या नावाखाली पाटीवर गिरवलेल्या लिपीशी खेळत होतो.

हे आठवायचे कारण असे, की कादंबरीसाठी, चित्रपटासाठी, खेळासाठी किंवा निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी नवी भाषा रचणारे लोक जगभर आहेत. त्यांतल्या अनेकांना पुढे लिपीही हवी असते, आणि तीही ए-बी-सी-डीसारखी सुटी नको, एका चिन्हात एक अख्खे अक्षर बसेल अशी. अशी अक्षरलिपी घडवताना नेमके कोणते प्रश्न सोडवावे लागतात? प्रश्न छंदाचा वाटतो. पण खऱ्या भाषांसाठी शून्यातून अक्षरलिपी घडवणारी माणसे गेल्या दोनशे वर्षांतही होऊन गेली आहेत, आणि त्यांनी काय केले हे तपशिलाने ठाऊक आहे. त्यांच्या आधाराने या प्रश्नाचा आढावा घेता येतो.

आधी मोजा, मग रेखाटा

उत्तर अमेरिकेतला चेरोकी कारागीर सिक्वोया याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावरच्या खुणांनी बोलतात एवढे त्याने पाहिले होते. त्याने सुरुवात केली ती प्रत्येक शब्दाला एक खूण देऊन. खुणा वाढतच गेल्या आणि तो मार्ग त्याला सोडावा लागला. मग त्याने शब्द ऐकून ऐकून त्यांचे तुकडे पाडले आणि त्याला दिसले की तुकडे थोडे आहेत, शब्द अगणित. १८२१च्या सुमारास त्याची लिपी तयार झाली. त्यात ८६ चिन्हे होती, पुढे एक गळून ८५ राहिली. १८२५मध्ये चेरोकी राष्ट्राने ती अधिकृतपणे स्वीकारली आणि १८२८मध्ये न्यू इकोटा येथून ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र तिच्यात छापले जाऊ लागले. एका माणसाच्या उद्योगातून सात वर्षांत वृत्तपत्र उभे राहिले, याचे मोठे कारण म्हणजे ८५ हा आकडा पाठ होण्याजोगा आहे.

हा आकडा भाषा ठरवते, लिपिकार नाही. समजा, आपण रचलेल्या भाषेत १२ व्यंजने आणि ५ स्वर आहेत आणि अक्षर नेहमी स्वरावर संपते. व्यंजन-स्वराच्या ६० जोड्या आणि ५ सुटे स्वर मिळून ६५ चिन्हे झाली. प्रकरण आटोक्यात आहे. आता अक्षराच्या शेवटी न, स, र, ल यांपैकी एखादे व्यंजन येऊ द्या आणि प्रत्येक शक्यतेला स्वतंत्र चिन्ह द्या. ६५ची ३२५ होतात. पहिल्या व्यंजनाला र किंवा य जोडायची मुभा दिली, तर उघडी, म्हणजे स्वरावर संपणारी, अक्षरे १८५ आणि सगळी मिळून ९२५. दोन लहान सवलती दिल्या आणि लिपी चौदा पटींनी फुगली.

जगातल्या लिप्या या मोजपट्टीवर ठेवून पाहाव्यात. जपानी काना लिपीत मूळ चिन्हे ४६. क्रीट आणि मुख्य ग्रीसमध्ये सापडलेल्या लिनिअर बी लिपीत अक्षरचिन्हे नव्वदीच्या आसपास. लायबेरियातल्या मोमोलू दुवालू बुकेले याने १८३०च्या दशकात रचलेल्या वाई लिपीत सुमारे २००. चीनच्या सिचुआन भागातल्या यी लोकांच्या प्रमाण लिपीत, जिला १९८०मध्ये सरकारी मान्यता मिळाली, ८१९. कारण तिथे सुरातला फरकही बहुतांशी वेगळ्या चिन्हाने दाखवला जातो. शंभराच्या आत असलेली लिपी महिन्याभरात शिकता येते, हजाराकडे झुकणारी शिकायला शाळा लागते. कॅमेरूनमधल्या बामुम राज्याचा राजा एन्जोया याने १८९६च्या सुमारास सुरू केलेल्या लिपीत आरंभी काहीशे चित्रखुणा होत्या. तो टप्प्याटप्प्याने त्या कमी करत गेला आणि १९१०च्या आसपास सुमारे ८० चिन्हांवर थांबला. सिक्वोया आणि एन्जोया यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, तरी दोघे जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन टेकले.

शेवटी लटकणारे व्यंजन

खरी अडचण अक्षराच्या शेपटीला असते. क, कि, कु ही चिन्हे कुणीही काढेल. ‘पस्त’ कसे लिहायचे? इथे चार वाटा दिसतात आणि चारही कुणी ना कुणी चाललेले आहे.

पहिली वाट उसन्या स्वराची. लिनिअर बी ही उघड्या अक्षरांची लिपी, आणि ग्रीक भाषा जोडाक्षरांनी भरलेली. मायकेल व्हेंट्रिसने १९५२मध्ये ही लिपी उलगडल्याचे जाहीर केले, त्यानंतर पायलॉसच्या एका मातीच्या पाटीने अनेकांची शंका फेडली. पाटीवर तीन पायांच्या भांड्याचे चित्र आहे आणि शेजारच्या खुणा नव्या किल्लीने वाचल्या तर ‘ति-रि-पो-दे’ असे निघते. चार कानांच्या भांड्यापाशी ‘क्वे-तो-रो-वे’, तीन कानांच्या भांड्यापाशी ‘ति-रि-ओ-वे’, आणि बिनकानाच्या भांड्यापाशी ‘अ-नो-वे’. मराठी वाचकाला इथे शब्दकोश लागत नाही. त्रि, चतुर् आणि नकाराचा अन् आपल्याही घरातले. पण लेखनिकाने केलेली कसरत पाहा. ‘त्रि’ लिहिता येत नाही, म्हणून त्याने त ला पुढचाच इ उसना देऊन ‘ति-रि’ केले. जपानी आजही हेच करते. बेसबॉलमधला ‘स्ट्राइक’ आपण तीन अक्षरांत लिहितो. जपानीत तो ‘सु-तो-रा-इ-कु’ होऊन पाच ठोके घेतो.

दुसरी वाट गाळण्याची. लिनिअर बीमध्ये काशाला ‘का-को’ लिहीत. ग्रीक शब्द होता खल्कोस. मधला ल आणि शेवटचा स सरळ सोडून दिला आहे, आणि ख-क हा फरकही.

तिसरी वाट सुट्या शेपटीची. सिक्वोयाने फक्त स या एका व्यंजनाला स्वतंत्र चिन्ह दिले, कारण चेरोकीत तो इतर व्यंजनांच्या पुढे सतत येतो. जपानीने अंत्य न साठी एक चिन्ह पाळले. कॅनडातल्या इनुक्टिटूट लिपीत अंत्य व्यंजन म्हणजे तेच चिन्ह बारीक करून ओळीच्या वरच्या अंगाला लिहायचे. आपल्या ९२५च्या उदाहरणात शेवटची चार व्यंजने सुटी केली, तर एका फटक्यात आकडा १८९वर येतो. बहुतेक नवख्या लिपिकारांना हाच मार्ग सोयीचा पडेल.

चौथी वाट आपली. देवनागरी काटेकोर अर्थाने अक्षरलिपी नाही. अमेरिकी अभ्यासक पीटर डॅनियल्स यांनी १९९०मध्ये अशा लिप्यांसाठी इथिओपियाच्या परंपरेतून ‘अबुगिडा’ हे नाव उचलले: व्यंजनात अ मुरलेला, बाकीचे स्वर मात्रा-वेलांटीने, आणि अ नको असेल तर पाय मोडायचा. या जोडकामाला सीमा नाही. ‘कार्त्स्न्य’ या शब्दात आ नंतर ओळीने पाच व्यंजने येतात, तरी लिपी मोडत नाही. किंमत मात्र छापखान्याने मोजली. शिशाच्या खिळ्यांच्या काळात देवनागरीची केस शेकडो घरांची असे. सावरकरांनी ‘अि, अी, अु, अू’ अशी अ-ची बाराखडी सुचवली ती या ओझ्यापायीच.

चिन्हांनी एकमेकांना ओळखावे का?

संख्या ठरली की आकृतीकडे वळायचे. इथे दोन टोके आहेत.

एका टोकाला सिक्वोया. त्याच्या लिपीत W सारखी दिसणारी खूण ‘ला’ आहे, H सारखी ‘मि’, A सारखी ‘गो’, Z सारखी ‘नो’. इंग्रजी छापील मजकुरातले आकार त्याने डोळ्यांनी घेतले आणि उच्चार आपले दिले. ‘ला’ आणि ‘लु’ यांच्या चेहऱ्यात काही नाते नाही, प्रत्येक चिन्ह वेगळे पाठ करायचे.

दुसऱ्या टोकाला धर्मोपदेशक जेम्स इव्हान्स यांच्या नावाने ओळखली जाणारी क्री लिपी. १८४०मध्ये नॉर्वे हाऊस येथे तिची पहिली छपाई झाली. क्री लोकांच्या मौखिक परंपरेत मात्र ही लिपी त्यांच्याच एका वृद्धाला मिळाल्याचे सांगतात. तिचे तत्त्व मोहक आहे. आकार म्हणजे व्यंजन, आणि त्याचे तोंड ज्या दिशेला तो स्वर. एकच त्रिकोणी खूण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवली की प ची छोटी बाराखडी तयार. यामागे पिटमनची लघुलिपी आणि आपली देवनागरी या दोन्हींचा प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात. इव्हान्स यांनी चहाच्या पेट्यांच्या अस्तराचे शिसे वितळवून खिळे ओतले आणि भूर्जाच्या सालीवर पाने छापली. एक खिळा चार बाजूंनी वापरता येणे ही त्या परिस्थितीत चैन नव्हती, गरज होती.

यांच्या मधोमध कोरियाची हंगुल. राजा सेजोंग याने १४४३मध्ये ती रचली, १४४६मध्ये जाहीर केली. मूळ अक्षरे २८. व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात, घसा यांच्या ठेवणीवरून, आणि श्वास वाढला की रेघ वाढते. लिहिताना मात्र वर्ण ओळीने मांडत नाहीत, एका चौकटीत रचून अख्खे अक्षर उभे करतात. आजच्या हंगुलमध्ये १९ आरंभव्यंजने, २१ स्वर आणि रिकामी जागा धरून २८ शेवट, म्हणजे ११,१७२ चौकटी शक्य आहेत. एवढी अक्षरे असूनही विद्यार्थ्याला पाठ करावे लागतात ते फक्त काही डझन तुकडे.

नव्या लिपिकाराचा ओढा साहजिकच इव्हान्स-हंगुलच्या नीटसपणाकडे असतो. तिथे एक सापळा आहे. सगळी चिन्हे एकाच साच्यातून निघाली की ती भावंडांसारखी दिसू लागतात. झपाट्याने वाचताना डोळा ज्यावर रेंगाळतो तो फरकच पुसट होतो. सिक्वोयाची लिपी अव्यवस्थित आहे, पण तिच्या पानावर एका चिन्हाची दुसऱ्याशी गल्लत कमी होते. शिकायला सोपे आणि वाचायला सोपे यांची ही जुनी ओढाताण आहे आणि तिचे पक्के उत्तर कुणाकडे नाही. मधला उपाय जपानीत दिसतो. का, कि, कु यांचे चेहरे स्वतंत्र, पण का चा गा करायला कोपऱ्यात दोन बारीक रेघा पुरतात. नाते जिथे खरोखर कामाचे, तिथेच दाखवले आहे.

क्रमाचीही गोष्ट इथेच येते. जपानी मुले कानाचा तक्ता अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा म्हणतात. हा आपल्या वर्णमालेचा क्रम आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला. आपल्या प च्या जागी तिथे हा आहे, कारण आजचा जपानी ह एकेकाळी प होता. उच्चार बदलला, तक्त्यातली खुर्ची बदलली नाही. रचलेल्या भाषेला असा इतिहास द्यायचा असेल, तर तो आकारांपेक्षा क्रमात लपवणे अधिक सुंदर.

हात काय करील?

संगणकावर काढलेली कल्पित लिपी पटकन ओळखू येते. सगळ्या रेघा सारख्या जाड, सगळी वळणे देखणी, आणि हाताने लिहायला घेतली की बोटे दुखतात. खऱ्या लिप्या साधनाने घडवल्या. कुंचल्याने झरझर लिहिताना चिनी चिन्हे वितळली आणि हिरागाना झाली. पोथ्यांच्या ओळींमध्ये टिपणे करणाऱ्या भिक्षूंनी चिन्हांचे फक्त तुकडे घेतले आणि काताकाना झाली. आपल्याकडची मोडी हे याचे घरचे उदाहरण. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचे. वेगासाठी मोडीने ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुतांशी सोडून दिला. सिक्वोयाची मूळ हस्तलिखित वळणेदेखील छपाईच्या खिळ्यांत जाताना बदलली.

म्हणून नव्या लिपीची परीक्षा सोपी आहे. तिच्यात एक पान हळू लिहा, मग तेच पान शंभरदा भरभर लिहा. शंभराव्या पानावर जे उरले, ती लिपी. पहिल्या पानावरचे रूप शिलालेखासाठी ठेवून द्यावे.

जे लिहिलेच जात नाही

आता मला या सगळ्या पाहणीत सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. वर आलेली प्रत्येक यशस्वी लिपी काहीतरी गाळते. चेरोकी लिपी सूर आणि स्वरांची लांबी दाखवत नाही. वाई लिपीत परंपरेने शब्दांमध्ये जागा सोडत नसत. वाचणारा अक्षरे तोंडातल्या तोंडात जुळवून पाहत शब्द शोधायचा. लिनिअर बीचा लेखनिक ‘का-को’वर थांबायचा.

आपणही यात मागे नाही. ‘जग’ हा शब्द लिहून पाहा. ‘सारे जग’ म्हटले की एक ज, ‘शंभर वर्षे जग’ म्हटले की दुसरा. ‘चिमणी’चा च वेगळा, ‘चाक’चा वेगळा. ‘करवत’मधल्या कोणत्या अक्षराचा अ गिळायचा हे लिपी सांगत नाही. मराठी माणसाला याची कधी अडचण होत नाही, कारण लिपी त्याला भाषा शिकवत नसते, आठवण करून देत असते.

कल्पित भाषेत नेमकी इथेच गोची होते. तिथे आठवणारे कुणी नसते. ग्रीक कोठारातल्या कारकुनाला ‘का-को’ पुरत होते, कारण खल्कोस हा शब्द तो लहानपणापासून ऐकत होता. तुम्ही रचलेल्या भाषेचा शब्द मात्र वाचकाला तुमच्या लिपीतूनच पहिल्यांदा भेटणार. खऱ्या अक्षरलिप्यांतला रांगडेपणा दिसायला हवाहवासा वाटतो, पण तो तसाच उचलला तर शब्द कायमचा हरवतो.

यावर उपाय दोन. लिपी पूर्ण उच्चार दाखवील इतकी नेमकी करायची, किंवा भाषाच अशी रचायची की गाळण्यासारखे काही उरणार नाही. दुसरा उपाय सिक्वोयाला उपलब्ध नव्हता. त्याला चेरोकी आहे तशी घ्यावी लागली. भाषा आणि लिपी दोन्ही एकाच हातात असणे ही कल्पित भाषाकाराची खास सत्ता आहे, आणि तीच बहुतेक जण वापरत नाहीत. ते भाषा आधी रोमन अक्षरांत रचतात, मग त्यावर अक्षरलिपीचा अंगरखा चढवतात. तो बाह्यांत आखूड होतो.

जे. आर. आर. टॉल्किन यांनी ही सत्ता नीट वापरली. त्यांच्या तेंग्वार लिपीत २४ मुख्य व्यंजने चार स्तंभ आणि सहा ओळींत बसवली आहेत. उच्चारस्थान बदलले की स्तंभ बदलतो, घोष किंवा घर्षण आले की ओळ. आपल्या क-च-ट-त-प वर्गांची आठवण व्हावी अशी मांडणी. स्वर व्यंजनाच्या डोक्यावर खुणांनी येतात. पण कोणत्या व्यंजनाच्या? त्यांनीच रचलेल्या क्वेन्या भाषेतले बहुतेक शब्द स्वरावर संपतात, म्हणून तिथे खूण आधीच्या व्यंजनावर. सिंदारिन भाषेतले बहुतेक शब्द व्यंजनावर संपतात, म्हणून तिथे तीच खूण पुढच्या व्यंजनावर. लिपी एक, भाषा दोन, आणि भाषेच्या शेपटीप्रमाणे नियम उलटा. शेवटच्या व्यंजनाच्या प्रश्नाला याहून शहाणे उत्तर मला कुठे आढळले नाही.

मार्क ओक्रँड यांची क्लिंगॉन भाषा उलट टोकाची. तिची अक्षरे बहुधा व्यंजनावर संपतात, म्हणून तिला अक्षरलिपी पेलणे अवघड आणि सुटे वर्णच योग्य. आपल्याकडे ‘बाहुबली’साठी मदन कार्की यांनी किलिकी भाषा रचली, तिलाही पुढे लिपी मिळाली. संगणकाच्या दारात मात्र कल्पित लिप्यांना अजून उभे राहावे लागते. संगणकावरच्या लिप्यांचे जागतिक प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोडने क्लिंगॉन लिपीचा प्रस्ताव २००१मध्ये नाकारला. अशा लिप्यांसाठी उरतात ती युनिकोडने खासगी वापराला सोडलेली घरे, एकट्या मूळ पटलात ६,४००. शे-दीडशे चिन्हांच्या लिपीला ती भरपूर आहेत. ९२५ चिन्हांचीही सोय होईल, पण कळफलक कुठून आणणार?

सगळे झाल्यावर लिपी चालते की नाही, हे ठरवायचे कसे? सिक्वोयाच्या शेजाऱ्यांना त्याचा उद्योग वेडाचा, काहींना चेटकाचा वाटत होता. त्याने आपल्या लहान मुलीला, आयोकाला, लिपी शिकवली. लोकांसमोर तिला ऐकू येणार नाही इतके दूर ठेवायचे, कुणीतरी काही बोलायचे, तो लिहून घ्यायचा आणि मग ती येऊन वाचायची. तिने बोललेले शब्द परत केले, तेव्हा लोकांनी मान्य केले.

कल्पित भाषेलाही आयोकाच हवी. फरक इतकाच, की त्या मुलीला चेरोकी येत होती, तुमच्या मित्राला तुमची भाषा येत नाही. त्याच्या हातात चिन्हांचा तक्ता आणि एक पान द्या, आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. भिंतीपलीकडून तुमचा शब्द तुम्हाला ओळखू आला, तर लिपी झाली. नाही आला, तर चिन्हे खोडण्याआधी भाषेकडे एकदा पाहा. दुरुस्ती बहुधा तिथे स्वस्तात होते.